आधी मॅग्नेशियम, मग बाकीचं: रीफ टँकच्या पाण्याचा जमाखर्च

खायचा सोडा रोज घातला तरी केएच, म्हणजे अल्कलिनिटीचा आकडा, चढत नाही, कॅल्शियम ३८० च्या वर सरकत नाही आणि हीटरवर, पंपाच्या पंख्यावर पांढरा कडक थर धरू लागलाय. नवीन रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ही तीन लक्षणं बऱ्याचदा एकत्र येतात, आणि हात जातो तो पुन्हा सोड्याच्या डब्याकडेच. अशा वेळी मॅग्नेशियम मोजून पाहावं. ते ११०० च्या आसपास निघालं, तर बाकी दोन्ही कितीही घाला, फुटक्या माठात पाणी भरल्यासारखं होईल.

कारण समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या पाठ करायची गरज उरत नाही. कठीण प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे खडूचा भाऊच. त्याला कच्चा माल लागतो दोन प्रकारचा: कॅल्शियम आणि कार्बोनेट. कार्बोनेटचा साठा आपण थेट मोजत नाही, अल्कलिनिटी मोजतो. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमुळेच येते, म्हणून तो आकडा आपल्या कामाचा. पीएच ही वेगळी गोष्ट. पीएच कमी दिसला म्हणून सोडा घालणं हा नवशिक्यांचा सगळ्यात आवडता घोटाळा आहे. बंद एसी खोलीत माणसं झोपलेली असली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच ७.८ पर्यंत घसरतो. अल्कलिनिटी तेव्हा अगदी ठीक असू शकते. तिथे उपाय खिडकी उघडणं हा आहे.

आता मॅग्नेशियमचं काम. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतकं भरलेलं असतं की ते कोणत्याही क्षणी खडू बनून बाहेर पडायला तयार असतं. असा कण तयार होऊ लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि त्याची वाढ अडवतं. मॅग्नेशियम कमी पडलं की हा पहारा ढिला होतो. मग तुम्ही घातलेला माल प्रवाळाकडे न जाता हीटरवर, पंपात आणि वाळूत जाऊन बसतो. वाळूची ढेकळं होणं हे त्याचंच लक्षण.

आकडे कुठे ठेवायचे

नैसर्गिक समुद्रात, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ) खारटपणाला, कॅल्शियम साधारण ४१५ पीपीएम (दहा लाखांत ४१५ भाग), मॅग्नेशियम १२९० च्या आसपास आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या (केएचचं एकक) आतबाहेर असते. घरच्या टाकीत कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच ठेवावी.

या पट्ट्यात नेमका कोणता आकडा धरायचा यावर नवखे लोक फार डोकं शिणवतात. ८.० की ८.४ याला महत्त्व नाही. जो धरलात तो आठवडाभर तिथेच राहतो का, याला आहे. एकच अपवाद: नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्यावर असेल, तर अल्कलिनिटी ८ च्या वर नेऊ नका. भुकेल्या पाण्यात अल्कलिनिटी जास्त झाली की ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाची टोकं पांढरी पडून जळतात.

एककांचा गोंधळ आधीच मिटवून टाकू. १ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर म्हणजे २.८ डीकेएच, म्हणजेच ५० पीपीएम कॅल्शियम कार्बोनेट. किटवर यातलं काहीही छापलेलं असलं तरी वहीत एकाच एककात लिहा. इथे सगळीकडे डीकेएच धरला आहे.

पायरी १: खारटपणा

खारटपणा तपासल्याशिवाय कोणताही किट उघडू नका. विशिष्ट गुरुत्व १.०२६ ऐवजी १.०२३ असेल तर पाणी सुमारे ३१ पीपीटीचं आहे, आणि अशा पाण्यात मॅग्नेशियम ११४० च दिसणार. तिथे कमतरता मॅग्नेशियमची नाही, मिठाची आहे. मीठ वाढवलं की तिन्ही आकडे आपोआप वर येतात. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) फक्त आरओच्या पाण्याने शून्यावर लावून भागत नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्या. खारटपणा कमी निघाला तर बाष्पीभवनाची भर गोड्या पाण्याऐवजी खाऱ्या पाण्याने करत दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त न चढवता वर आणा.

पाण्याबद्दलही एक गोष्ट. स्वयंपाकघरातल्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. टीडीएस ६०-८० चं ते पाणी आपल्याला चालतं, रीफला नाही. डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार काढणारे दाणे) लावून टीडीएस शून्य आलेलं पाणीच मिठासाठी आणि टॉप-अपसाठी, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या भरीसाठी, वापरा.

पायरी २: टाकीत खरंच किती लिटर पाणी आहे

दुकानदाराने सांगितलेले लिटर विसरा. पाण्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. समजा मुख्य टाकीत ९० × ४५ × ४०, म्हणजे १६२ लिटर, आणि संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) ६० × ३० × २०, म्हणजे ३६ लिटर. एकूण १९८. त्यातून खडक आणि वाळूने अडवलेली जागा, साधारण २८ लिटर, वजा केली की उरलं १७० लिटर. खालची सगळी गणितं याच १७० लिटरच्या टाकीची आहेत.

पायरी ३: मोजमाप

तिन्ही चाचण्या एकाच दिवशी, एकाच वेळी, डोस घालण्याआधी करा. दिवे लागल्यावर प्रवाळ जास्त वेगाने सांगाडा बांधतात. आज सकाळी आणि उद्या रात्री मोजून दोन आकड्यांची तुलना केली तर ती फसवी निघेल.

सॅलिफर्टसारख्या थेंबांच्या किटमध्ये सिरिंजला प्लास्टिकचं टोक लावूनच द्रव ओढा. ओढल्यावर दट्ट्याखाली थोडी हवा राहते. तिने फरक पडत नाही, वाचन दट्ट्याच्या काळ्या भागाच्या खालच्या कडेवर घ्या. रंग बदलत आला की एकेक थेंब टाका आणि प्रत्येक थेंबानंतर हलवा. हॅनाच्या डिजिटल चेकरला काचेच्या कुपीवरचा बोटाचा ठसासुद्धा पुरतो आकडा बिघडवायला, म्हणून कुपी पुसूनच आत ठेवा. नवा किट आणला की आधी ताज्या कालवलेल्या मिठाच्या पाण्यावर चालवून पाहा. मिठाच्या डब्यावर छापलेल्या आकड्याच्या जवळ उत्तर आलं नाही, तर संशय टाकीवर घेण्याआधी किटवर घ्या.

पायरी ४: खड्डा भरून काढणं

क्रम असा: मॅग्नेशियम, मग अल्कलिनिटी, शेवटी कॅल्शियम. दर १०० लिटरमागे लागणारं वजन लिहून ठेवा.

मॅग्नेशियम १० पीपीएम वाढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ८.४ ग्रॅम.
अल्कलिनिटी १ डीकेएच वाढवायला खायचा सोडा ३ ग्रॅम.
कॅल्शियम १० पीपीएम वाढवायला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ३.७ ग्रॅम.

आता आपल्या टाकीत मॅग्नेशियम ११५०, अल्कलिनिटी ६.२ आणि कॅल्शियम ३७० निघालं असं धरू.

मॅग्नेशियम १३०० ला न्यायचं म्हणजे १५० पीपीएमची भर. १५ × ८.४ × १.७ = सुमारे २१४ ग्रॅम. दिवसाला १०० पीपीएमच्या वर जायचं नाही, म्हणून तीन दिवस रोज ७१ ग्रॅम, लिटरभर आरओ पाण्यात विरघळवून, प्रवाह जोरात असलेल्या जागी हळूहळू. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्त आणि औषधांच्या दुकानात मिळणारं असलं तरी एवढी मोठी भर फक्त त्याने केली तर सल्फेट साठत जातं. थोडं मिसळायला हरकत नाही, मुख्य भर क्लोराइडची हवी.

चौथ्या दिवशी मॅग्नेशियम पुन्हा मोजा. १२५० च्या वर आलं असेल तरच पुढे जा. अल्कलिनिटी ८ ला न्यायला १.८ × ३ × १.७ = ९.२ ग्रॅम सोडा, तीन दिवसांत वाटून. दिवसाला १ डीकेएच ही वरची मर्यादा, अर्धा असेल तर उत्तमच. कॅल्शियम ४२० ला न्यायला ५ × ३.७ × १.७ = ३१ ग्रॅम, तेही तीन दिवसांत. सोडा सकाळी आणि कॅल्शियम संध्याकाळी अशी वाटणी ठेवली की दोघांची पाण्यात गाठ पडत नाही.

सोडा म्हणजे खायचा सोडा, साधं सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नाही. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. पापडखार नाही, धुण्याचा सोडाही नाही. त्यांत काय काय मिसळलेलं आहे ते पुडीवरून कळत नाही. कॅल्शियम क्लोराइड घेताना पुडीवर 'डायहायड्रेट' आणि खाद्य किंवा प्रयोगशाळेचा दर्जा लिहिलेला पाहा. निर्जल प्रकार मिळाला तर ३.७ ऐवजी २.८ ग्रॅम धरा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत हे सुटं मिळतं, पण ओलावा शोषायच्या पिशव्यांतलं औद्योगिक कॅल्शियम क्लोराइड स्वस्त म्हणून उचलू नका.

पावसाळ्यात या दोन्ही क्लोराइडना पाणी सुटतं. जूनमध्ये उघडा राहिलेला डबा ऑगस्टमध्ये चिखल होतो, आणि त्यातलं १० ग्रॅम मोजलं तरी निम्मं पाणीच असू शकतं. पुडी आणल्या दिवशीच सगळ्याचं द्रावण करून ठेवलं तर ही कटकटच उरत नाही. विरघळवताना पूड पाण्यात टाका, पुडीवर पाणी ओतू नका. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना चांगलंच तापतं.

पायरी ५: रोजचा खर्च काढणं

खड्डा भरला, आता टाकी रोज किती खाते ते पाहायचं. तीन दिवस काहीही घालू नका. सोमवारी सकाळी अल्कलिनिटी ८.०, गुरुवारी सकाळी ६.८. म्हणजे तीन दिवसांत १.२, रोजचा खर्च ०.४ डीकेएच. खर्च जास्त असेल आणि दोन दिवसांतच १ डीकेएच उतरला, तर तिथेच थांबा. दोन दिवसांचा हिशेबही चालतो.

यात कॅल्शियम का मोजलं नाही? कॅल्शियम कार्बोनेट बनताना दोन्ही माल ठरलेल्या प्रमाणात वापरले जातात: २.८ डीकेएचला २० पीपीएम कॅल्शियम, म्हणजे १ डीकेएचला साधारण ७. रोज ०.४ डीकेएच जात असेल तर कॅल्शियम रोज ३ पीपीएमसुद्धा उतरत नाही. तीन दिवसांचे ९ पीपीएम घरच्या किटच्या चुकीतच बुडून जातात. अल्कलिनिटी मात्र त्याच काळात सरळ दिसेल इतकी घसरते. म्हणून रोजचा खर्च अल्कलिनिटीवरून काढायचा, आणि कॅल्शियम त्याच प्रमाणात घालत राहायचं. मॅग्नेशियमचा खर्च कॅल्शियमच्या मानाने अगदी थोडा. महिन्यातून एकदा मोजून कमी पडेल तेवढं भरलं की पुरतं.

टाकीत फक्त झोअँथिड, मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ असतील, तर खर्च बहुधा नगण्य निघेल. अशा टाकीला दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी तिन्ही आकडे टिकतात. आपोआप डोस सोडणाऱ्या डोसिंग पंपाचे पैसे वाचवा. कठीण प्रवाळ घेणार असाल तर एक सावधगिरी: भारतीय समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून उचलून आणलेला तुकडा, जिवंत असो वा वाळलेला, गुन्हा ठरतो. परदेशातून आलेल्या प्रवाळाचे आयातीचे कागद विक्रेत्याकडे मागून घ्या.

पायरी ६: दोन बाटल्या

रोजच्या भरणीसाठी सगळ्यात सोपी पद्धत टू-पार्टची.

बाटली अ: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ६८ ग्रॅम, आरओ-डीआय पाणी घालून एकूण १ लिटर.
बाटली ब: खायचा सोडा ७८ ग्रॅम, पाणी घालून एकूण १ लिटर.

ही वजनं मुद्दाम अशी निवडली आहेत की दोन्ही बाटल्यांतून समान मिलिलिटर काढलं की प्रमाण आपोआप बरोबर बसतं. १०० लिटरमध्ये प्रत्येकी १० मिलि घातलं की अल्कलिनिटी ०.२६ डीकेएच आणि कॅल्शियम १.८५ पीपीएम वाढतं. आपल्या टाकीचा रोजचा ०.४ चा खर्च भरायला (०.४ ÷ ०.२६) × १० × १.७ = सुमारे २६ मिलि अ आणि तेवढंच ब.

पीएच नेहमी खालीच राहत असेल तर सोडा भाजून घ्या: ७८ ग्रॅम सोडा स्टीलच्या ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सियसला तासभर. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते, वजन ४९ ग्रॅमच्या आसपास उतरतं, पण अल्कलिनिटी तेवढीच राहते. म्हणून वजन भाजण्याआधी करायचं. ॲल्युमिनियमचं भांडं नको. भाजलेल्या सोड्याने पीएच वर जातो, न भाजलेल्याने क्षणभर किंचित खाली येतो.

अ आणि ब एकाच जागी, एकाच वेळी कधीही नाही. दोघांत किमान अर्धा तास ठेवा, आणि दोन्ही पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात किंवा संपच्या रिटर्न पंपापाशी सोडा. पाणी दुधाळ झालं तर कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतंय असं समजा. तेव्हा काहीही घालू नका, प्रवाह चालू ठेवा, पाणी निवळल्यावर अल्कलिनिटी मोजा. ती घसरलेली दिसेल. ती एका दमात परत चढवायला गेलात तर तोच खेळ पुन्हा.

डोसिंग पंप लावलात तर त्याच्या नळीचं टोक पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर सायफन होऊन बाटली टाकीत रिकामी होते. महिन्यातून एकदा मापपात्रात सोडून पाहा की २६ मिलि म्हणजे खरंच २६ येतंय का. नळी जुनी होत जाते तशी मात्रा बदलते. आणि लोडशेडिंगचा विचार करा. डोसिंग पंप इन्व्हर्टरवर आणि पॉवरहेड थेट लाइनवर असेल, तर वीज गेल्यावर साचलेल्या पाण्यात डोस पडत राहतो. दोन्ही एकाच सॉकेटवर असलेले बरे.

टू-पार्टची एक किंमत आहे जी सहा महिन्यांनी कळते. अ मधलं क्लोराइड आणि ब मधलं सोडियम मिळून साधं मीठ तयार होतं. रोज ०.४ डीकेएच भरणाऱ्या टाकीत पाणी मुळीच बदललं नाही तर वर्षात खारटपणा जवळपास ३ पीपीटी चढतो. दर महिन्याला मोजत राहा.

चुन्याची निवळी

आपल्याकडे चुन्याची निवळी नवी नाही. रीफवाले तिलाच काल्कवासर म्हणतात. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकाच पुडीतून, नेमक्या प्रमाणात, आणि मागे मीठ साठत नाही. पानाचा चुना मात्र नको, शुद्धतेची खात्री नाही. खाद्य किंवा प्रयोगशाळा दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या.

लिटरला २ ग्रॅम घालून ढवळा, झाकून ठेवा, गाळ बसू द्या आणि वरचं स्वच्छ पाणीच वापरा. उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि ताकद कमी होते. पीएच १२ च्या वर असतो, हातमोजे आणि चष्मा घाला. १०० लिटरमध्ये १ लिटर पूर्ण संपृक्त निवळी गेली की अल्कलिनिटी सुमारे १.१ डीकेएच आणि कॅल्शियम ८ पीपीएम वाढतं. थेंबथेंब, शक्यतो रात्री, टॉप-अपच्या पाण्याऐवजी.

अडचण इथे आहे: जेवढं पाणी उडतं तेवढीच निवळी घालता येते. मे महिन्यात पंखा लावलेल्या आपल्या टाकीतून रोज २ लिटर उडत असेल, तर ०.४ डीकेएच भरायला २ लिटरमध्ये ०.९ ग्रॅम चुना पुरतो. जुलैत हवा दमट झाली, पंखा बंद झाला आणि १ लिटरच उडू लागलं, की तेच द्रावण निम्माच डोस देतं आणि अल्कलिनिटी कारण न कळता घसरू लागते. पावसाळा लागला की टॉप-अपची बादली किती दिवस पुरते ते पुन्हा मोजा आणि चुन्याचं प्रमाण वाढवा. ऑटो टॉप-अपला जोडलेली निवळी फ्लोट स्विच अडकला तर एका रात्रीत सगळी आत जाते, म्हणून त्या बादलीत दोन दिवसांपेक्षा जास्त पाणी भरू नका.

गाडी अडते तेव्हा

अल्कलिनिटी घसरते, पण कॅल्शियम हलत नाही किंवा वाढतंच: नायट्रेट मोजा. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्च होते. ५० पीपीएम नायट्रेट साठलं की २.३ डीकेएच गेले समजा, कॅल्शियमला हात न लागता. इथे फक्त सोडा घाला.

पाणी बदललं की अल्कलिनिटी उडी मारते: मिठाचा डबा पाहा. काही मिठं ७ डीकेएचला कालवली जातात, काही १२ ला. टाकी ८ ला आणि मीठ १२ चं असेल, तर १५ टक्के पाणी बदलताच ०.६ डीकेएचचा झटका बसतो. टाकीच्या आकड्याला जुळणारं मीठ निवडा, नाहीतर बदल छोटे आणि वारंवार करा.

खर्च अचानक निम्मा झाला: डोस लगेच निम्मा करा, मग कारण शोधा. प्रवाळाने वाढ थांबवली की अल्कलिनिटी चढू लागते, आणि रंग उतरण्याच्या कितीतरी आधी वहीत ते दिसतं. तापमान, खारटपणा, दिव्यात केलेला बदल, या क्रमाने तपासा.

चुकून जास्त पडलं: कॅल्शियम ५०० ला गेलं तर डोस थांबवा, ते खर्च होऊन आपोआप उतरेल. अल्कलिनिटी ११-१२ ला गेली तरी तेच करा. आम्ल घालून खाली खेचायला जाऊ नका. निवळी जास्त पडून पीएच ८.६ च्या वर गेला असेल तर स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवा वाढवा, खिडकी उघडी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही चाचण्या नव्याने करा.

पहिला महिना अल्कलिनिटी एक दिवसाआड मोजा. आकडा ०.३ च्या आत राहू लागला की आठवड्यातून दोनदा पुरे, कॅल्शियम पंधरा दिवसांनी, मॅग्नेशियम महिन्याने. नवा प्रवाळ आला, दिवे बदलले किंवा मिठाचा नवा डबा उघडला की पुन्हा पायरी ५.